संकटकाळची सामायिक बिनतारी यंत्रणा



वसंत व्याख्यानमालेला साहित्य, संगीत, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभून दिसतात. पोलिसांच्या गाडीत खरखरणाऱ्या बिनतारी यंत्राविषयी तासभर बोलणे म्हणजे लग्नघरी विहिरीच्या पंपाची दुरुस्ती काढून बसण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु पाहुणे जेवायला बसले आणि पाणी आले नाही, म्हणजे पंपाची आठवण सर्वांनाच होते. ती आठवण आधी व्हावी, एवढ्याचसाठी हा विषय निवडला आहे.

प्रथम आपले गाव कोठे बसले आहे ते पाहू. घोटी ही भाताची पेठ म्हणून जुनी आणि नामांकित. पण वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर ती एका अरुंद दारात उभी आहे. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो. थळ घाट चढून आलेला लोहमार्ग येथून जातो. कसारा ते इगतपुरी हा घाटाचा टप्पा १८६५ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हापासून ही वाट चालू आहे. आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर तिसरी वाटही याच दारातून जाऊ लागली. तिच्यावर इगतपुरीजवळ सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीचा जोडबोगदा आहे. वर इगतपुरीचा पाऊस, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. भोवती दारणा, भावली, मुकणे, भाम, वैतरणा अशी धरणे. गोंदे आणि मुंढेगावकडे कारखाने. दक्षिणेला कळसूबाई, जिच्यावर सुट्टीच्या दिवशी शहरातून हौशी मंडळी चढतात आणि त्यांतली काही रात्र पडली तरी उतरत नाहीत. शिवाय घोटीहून एक रस्ता त्र्यंबकेश्वराकडे जातो, म्हणजे दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या गर्दीचा एक लोंढा आमच्या अंगणातून जायचा. नाशिकला २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला जी चेंगराचेंगरी झाली तीत ३९ माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही.

आता अशी कल्पना करा की, श्रावणातल्या एका रात्री टोल नाक्याच्या पुढे रसायनाचा टँकर उलटला आहे. पाऊस धो धो पडत आहे. टँकरमागे एक प्रवासी गाडी आदळली आहे आणि रसायन वाहत ओढ्याकडे निघाले आहे. रस्त्यावरचे चार जण चार फोन करतात. एकाने ११२ फिरवला. महाराष्ट्रात २०२१ साली सुरू झालेल्या या सेवेचे फोन नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात. तेथून निरोप जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे येतो. दुसऱ्याने १०८ फिरवला. ही रुग्णवाहिकेची सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिचे नियंत्रण पुण्यातून चालते. तिसऱ्याने राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ लावला. चौथ्याने ओळखीच्या माणसाला फोन केला, आणि आपल्याकडे पुष्कळदा हाच निरोप सर्वांत आधी पोचतो! अपघात घोटीत, पण वर्दी गेली तीन गावांना. यात कोणाचा दोष नाही. प्रत्येक यंत्रणा आपापल्या परीने चांगलीच आहे, आणि प्रत्येकीची गाडी निघतेही. प्रश्न सुरू होतो तो सगळ्या गाड्या जागेवर पोचल्यावर.

कारण जागेवर पोचल्यावर पोलिसाच्या हातातले यंत्र पोलिसांशी बोलते. बंबावरच्या माणसाजवळ यंत्र असलेच तर ते त्याच्या नगरपालिकेच्या ठाण्याशी बोलते. लोहमार्गावरचे कर्मचारी त्यांच्या यंत्रावर गार्डाशी आणि स्टेशनमास्तराशी बोलतात. टोल कंपनीची गस्तीची गाडी आपल्या नाक्याशी बोलते. रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांच्या हातात मोबाईल असतो. पाच खाती, पन्नास पावलांच्या अंतरावर उभी, आणि एकमेकांशी बोलायचे तर ओरडून! टँकरमध्ये काय भरले आहे हे ज्याला कळले तो जर पोलीस असेल, तर ते बंबवाल्याला कळेपर्यंत त्याने पाण्याचा फवारा सुरू केलेला असतो. काही रसायनांवर पाणी मारणे हे आगीत तेल ओतण्याइतकेच वाईट.

हे केवळ कल्पनेतले चित्र नव्हे. १ जानेवारी २०२३ रोजी मुंढेगावच्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि तीत कामगार प्राणाला मुकले. मे २०२५ मध्ये तेथेच पुन्हा आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली. दोन्ही वेळा नाशिकहून आणि बाहेरगावांहून बंब मागवावे लागले. रात्रीच्या वेळी बाहेरगावच्या बंबाचा चालक फाट्यावर येतो तेव्हा त्याचे प्रश्न अगदी साधे असतात. कोणत्या दाराने आत शिरू? पाणी कोठे भरू? वारा कोणत्या बाजूला आहे? उत्तरे देणारा माणूस शंभर वावांवर उभा असतो. त्या दोघांना जोडणारा एक आवाज हवा, एवढाच आजचा विषय आहे.

येथे कोणीही सुज्ञ श्रोता विचारील की, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग या जुनाट खोक्याची काय गरज? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

मोबाईल हा एका माणसाने एका माणसाशी बोलण्यासाठी केलेला आहे. पन्नास जणांना एक गोष्ट सांगायची तर पन्नास फोन करावे लागतात, आणि पन्नासाव्याला सांगेपर्यंत पहिल्याला सांगितलेली गोष्ट शिळी होते. बिनतारी यंत्रावर एक बोलतो आणि सारे ऐकतात. न बोलता नुसते ऐकूनही माणसाला पुष्कळ कळते. बंबवाला आणि पोलीस यांचे संभाषण कानावर पडले तर रुग्णवाहिकेचा चालक न सांगता गाडी वळवून ठेवतो. दुसरे असे की, मोबाईलचे मनोरे नेहमीच्या वापराच्या हिशेबाने उभारलेले असतात. संकटाच्या वेळी सारा गाव एकदम फोन लावतो आणि दार तुंबते. तिसरे म्हणजे वीज. वीज गेली की मनोरा बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेल लागते, आणि डिझेल नेणारा रस्ताच वाहून गेलेला असतो.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरातले फोन कसे मुके झाले हे ज्यांची मुले त्या रात्री घरी आली नाहीत त्यांना विचारा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. वीज नाही, फोन नाही, रस्ता नाही, आणि मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. माळीण तर आपल्यासारख्याच सह्याद्रीच्या कुशीतले गाव. ३० जुलै २०१४ रोजी ते डोंगराखाली गडप झाले, १५१ माणसे गेली, आणि जगाला पहिली बातमी कोणी दिली? एस. टी. च्या चालकाने. तो नेहमीप्रमाणे बस घेऊन गेला आणि गाव जागेवर नाही असे त्याला दिसले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गेली, तेथे तर चढून जायला पायवाटेशिवाय वाट नव्हती. इगतपुरी तालुक्यातल्या वाड्यापाड्यांची नावे मी येथे घेत नाही. डोंगराच्या पोटाशी कोणकोणत्या वाड्या आहेत हे आपण माझ्याहून चांगले जाणता.

आता बिनतारी लहरी कशा चालतात हे थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढची योजना समजणार नाही.

पोलिसांची आणि तत्सम खात्यांची यंत्रे ज्या लहरी वापरतात त्यांची लांबी साधारणपणे एक-दोन मीटर किंवा त्याहून कमी असते. या लहरी उजेडाच्या बहिणी. उजेडाच्याच वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, आणि बहुतांशी उजेडासारख्याच सरळ जातात. भिंतीतून, झाडांतून थोड्याफार शिरतात, पण डोंगरातून शिरत नाहीत. म्हणून ढोबळ नियम असा की, जेथून जे दिसते तेथपर्यंत ऐकू जाते. त्याचे एक सोपे गणितही आहे. यंत्राची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे चाराने गुणावे. सपाट मुलखात तितके किलोमीटर लहर जाते. माणसाच्या खांद्याला लावलेले यंत्र दीड मीटर उंच धरले तर पाच किलोमीटर. समोरच्या माणसाचेही तेवढेच, म्हणजे दोघांत दहा. हे झाले सपाट मुलखात, कागदावर. घोटीहून कसाऱ्याकडे उतरलात की पहिल्याच वळणाला डोंगर आडवा येतो आणि दहाचे दोन होतात, कधी शून्यही होतात.

यावर उपाय उंचीचा. उंच जागी एक यंत्र ठेवायचे, ज्याचे काम एवढेच की एका लहरीवर ऐकलेले दुसऱ्या लहरीवर जसेच्या तसे, पण मोठ्या आवाजात पुन्हा बोलायचे. याला रिपीटर म्हणतात. आपल्या गावातली दवंडी आठवा. पाटलाचा निरोप कोतवाल चावडीच्या पायरीवर उभा राहून ओरडून सांगत असे. रिपीटर हा डोंगरावरचा कोतवाल. खालच्या दरीतला माणूस आणि पलीकडच्या पठारावरचा माणूस एकमेकांना दिसत नसले तरी दोघांनाही डोंगरमाथा दिसत असतो. शंभर मीटर उंचीवरून आपल्या गणिताने चाळीस किलोमीटर. आणि कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर, म्हणजे घोटीच्या पातळीहून सुमारे हजार मीटर उंच. वर्गमूळ एकतीस-बत्तीस, चाराने गुणले की सव्वाशे किलोमीटर!

हा आकडा ऐकून पुष्कळांचे डोळे चमकतात. मी मात्र सांगेन की कळसूबाईच्या मोहात पडू नये. तेथे वीज नेणे कठीण, विजा पडण्याचा धोका मोठा, जागा अभयारण्याच्या हद्दीतली, आणि पावसाळ्यात यंत्र बिघडले तर दुरुस्तीला माणूस लोखंडी शिड्यांवरून चढणार केव्हा? शिवाय अति उंच यंत्राचा एक तोटाही आहे. ते दूरदूरच्या जिल्ह्यांतल्या गडबडीतही तोंड घालते. त्यापेक्षा रस्ता जातो अशा दोन-तीन मध्यम टेकड्या निवडाव्यात, एक घाटाच्या तोंडावर, एक वैतरणेच्या बाजूला, एक भंडारदऱ्याच्या रस्त्याकडे, आणि प्रत्येक ठिकाणाहून जीपमध्ये यंत्र ठेवून गावोगाव फिरून ऐकू येते की नाही याचा नकाशा काढावा. हे काम पावसाळ्यात करावे. उन्हाळ्यात काढलेला नकाशा ओल्या पानांनी भरलेल्या जंगलात खोटा ठरतो.

विजेचा हिशेबही आपल्या पावसाचाच केला पाहिजे. समजा, बारा व्होल्टचा रिपीटर बोलताना दहा अँपिअर आणि नुसता ऐकताना एक अँपिअर घेतो. संकटाच्या वेळी तो चौथा हिस्सा वेळ बोलत राहील असे धरले तर सरासरी सव्वातीन अँपिअर होतात. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीस तास चालेल. पण आमच्याकडचा पाऊस तीन-तीन दिवस उघडत नाही, म्हणजे ७२ तासांना सुमारे २३४ अँपिअर-तास हवेत, आणि बॅटरी पार तळापर्यंत रिकामी करू नये म्हणून चार बॅटऱ्या. कोणी म्हणेल सूर्यावर चालणाऱ्या पट्ट्या लावा. अवश्य लावा, पण आषाढातल्या इगतपुरीत सूर्य किती वेळ दिसतो हे विक्रेत्याला ठाऊक नसते, आपल्याला असते.

यंत्र झाले. आता 'सामायिक' या शब्दाकडे येऊ, कारण खरी गोम तेथे आहे.

एक वाट अशी की सर्वांनी एकाच लहरीवर बोलावे. पण एका लहरीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघे एकदम बोलले तर दुबळ्याचा आवाज बुडतो किंवा दोघांचीही नुसती शीळ ऐकू येते. सात खात्यांची रोजची किरकोळ बोलणी एका लहरीवर आणली तर तो आठवड्याचा बाजार होईल. दुसरी वाट आज आहे ती, प्रत्येकाची लहर वेगळी. बाजार नाही, पण संवादही नाही. तिसरी वाट शहाणपणाची आणि महागाची. तिला ट्रंक पद्धत म्हणतात. बँकेत पूर्वी प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असे. एका खिडकीचा कारकून रिकामा आणि दुसरीपुढे वीस माणसे. मग सर्वांची एक रांग केली आणि जी खिडकी रिकामी होईल तिच्याकडे पुढचा माणूस पाठवू लागले. ट्रंक पद्धतीत चार-पाच लहरी सर्वांच्या मिळून असतात. बोलण्याची कळ दाबली की एक मध्यवर्ती गणकयंत्र क्षणार्धात मोकळी लहर शोधून त्या गटाला देते. पोलिसांचा गट वेगळा, बंबांचा वेगळा, कोणाचे कोणाला ऐकू जात नाही. पण प्रसंग पडला की गणकयंत्राच्या एका आज्ञेने घोटीचे पोलीस, इगतपुरीचा बंब आणि रुग्णवाहिका यांचा तात्पुरता एक गट करता येतो. युरोपात १९९५ सालच्या सुमारास 'टेट्रा' नावाने या पद्धतीचा नमुना ठरला; त्यात एका लहरीचे चार काळखंड पाडून चार संभाषणे चालवतात. फिनलंडने २००२ सालापर्यंत साऱ्या देशभर पोलीस, अग्निशामक, रुग्णसेवा, सरहद्दीचे पहारेकरी आणि लष्कर यांच्यासाठी मिळून अशी एकच यंत्रणा उभी केली. तेथली लोकसंख्या आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी आहे, हे लक्षात घेतले तर त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते.

मग आपण ताबडतोब तेच का करू नये? माझे मत असे की तालुक्याने एकट्याने ट्रंक पद्धतीच्या मागे लागू नये. ते राज्याचे काम आहे, आणि राज्य करील तेव्हा आपण त्यात सामील व्हावे. तोपर्यंत हातात येण्याजोगी गोष्ट एक आहे. प्रत्येक खात्याने आपली स्वतःची लहर ठेवावी, रोजचे काम तिच्यावरच करावे. परंतु प्रत्येक यंत्रात आणखी दोन जागा सर्वांना समान अशा भराव्यात. एक डोंगरावरच्या रिपीटरमधून जाणारी, संकटाच्या वेळी सर्वांनी ऐकण्याची. दुसरी कोणाच्याही मदतीवाचून यंत्राहून यंत्राला थेट जाणारी, कारण रिपीटरवर वीज पडू शकते, आणि तेव्हा पन्नास पावलांवरच्या माणसाशी तरी बोलता आले पाहिजे. अडचण एवढीच की जुनी यंत्रे वेगवेगळ्या पट्ट्यांतली असतील तर त्यांना समान जागा देता येत नाही. तेथे दोन यंत्रे पाठीला पाठ लावून जोडणारे दुभाषी खोके मिळते, पण ते तात्पुरते. पुढची खरेदी कोणतेही खाते करील तेव्हा ती एकाच पट्ट्यातली असावी, एवढा ठराव आजच झाला तरी दहा वर्षांत अर्धे काम फुकट होईल.

आपल्या भागातल्या मंडळींना ही कल्पना मुळीच नवी नाही. इगतपुरी हे रेल्वेचे गाव. रेल्वेत कंट्रोलची तार असते, तिच्यावर ओळीने सारी स्टेशने जोडलेली असतात. कंट्रोलर बोलू लागला की प्रत्येक स्टेशनमास्तर फोन उचलून ऐकू शकतो आणि पुढच्या स्टेशनात काय चालले आहे हे त्याला न विचारता कळते. पण त्या तारेवर गोंधळ का होत नाही? तार चांगली म्हणून नव्हे. कोणी कधी बोलावे, आधी आपले स्टेशन सांगावे, निरोप मिळाल्यावर तो परत म्हणून दाखवावा, ही शिस्त पिढ्यान्पिढ्या अंगात मुरली आहे म्हणून.

शिस्त नसली तर उत्तम यंत्राचेही काय होते याची एक हकीगत सांगतो. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात १९९३ साली बाँबस्फोट झाला, तेव्हा उंच इमारतीत अग्निशामक दलाची यंत्रे नीट चालत नाहीत असे आढळले. म्हणून तेथे खास रिपीटर बसवण्यात आला. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्या इमारतींवर विमाने आदळली. त्या गडबडीत रिपीटर चालू करण्याची एक कळ दाबली गेली आणि दुसरी दाबायची राहिली. अधिकाऱ्यांनी बोलून पाहिले, आवाज येईना, यंत्र बंद आहे असे समजून त्यांनी तो नाद सोडला. चांगले चालणारे यंत्र एका न दाबलेल्या कळीसाठी त्यांच्या उपयोगी पडले नाही. त्याच सकाळी दक्षिणेचा मनोरा कोसळल्यावर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तरेच्या मनोऱ्याची अवस्था दिसत होती. तोही टिकणार नाही असा इशारा वैमानिकांनी दिला. तो पोलिसांच्या लहरीवर गेला. अग्निशामकांची लहर वेगळी. १० वाजून २८ मिनिटांनी उत्तरेचा मनोरा पडला. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ३४३ लोक मृत्यू पावले. इशारा वेळेवर मिळता तर त्यांतले किती वाचते हे कोणी सांगू शकत नाही, पण इशारा दिला गेला होता हे मात्र खरे.

बोगद्याचा धडा लंडनकडून घ्यावा. १९८७ साली तेथील किंग्ज क्रॉस या भुयारी स्टेशनात आग लागून ३१ माणसे मेली, आणि जमिनीखाली सर्व खात्यांची यंत्रे चालली पाहिजेत अशी शिफारस चौकशीत झाली. ७ जुलै २००५ रोजी भुयारी गाड्यांत बाँब फुटले, तेव्हाही वाहतूक पोलिसांखेरीज इतरांची यंत्रे खाली चालत नव्हती. निरोप घेऊन माणसे धावत वर येत होती. मधे अठरा वर्षे गेली होती! बोगद्यात लहरी न्यावयाच्या तर छतालगत एक खास तार टाकतात. तिच्या वेष्टणाला जागोजाग फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांतून लहर पाझरते, ठिबक सिंचनाच्या नळीतून पाणी पाझरावे तशी. समृद्धीच्या आपल्या बोगद्यासंबंधी नागरिकांनी विचारावयाचा प्रश्न एवढाच की, आत बोगदा चालवणाऱ्यांची यंत्रे तर चालतीलच, पण घोटीच्या पोलिसाचे आणि इगतपुरीच्या बंबाचे यंत्र आत चालते काय? विचारून भागत नाही. यंत्र घेऊन मध्यापर्यंत जाऊन बोलून पाहावे लागते.

आता भाषेकडे वळू. अमेरिकेतल्या पोलिसांनी १९३० नंतरच्या दशकात वेळ वाचवण्यासाठी आकड्यांचे सांकेतिक शब्द रूढ केले. पुढे प्रत्येक शहराचे आकडे निराळे झाले, आणि दोन शहरांचे पोलीस एकत्र आले की एकाच आकड्याचे दोन अर्थ होऊ लागले. अनेक खाती एकत्र येतील तेथे सरळ बोलावे, असे शेवटी त्यांना ठरवावे लागले. आपल्या सामायिक लहरीवर सरळ मराठी बोलावे. पण सरळ मराठीतही आमच्या तालुक्यात खळगे आहेत. घोटी बुद्रुक आहे आणि घोटी खुर्दही आहे. भरवीर बुद्रुक आणि भरवीर खुर्द. बेलगाव कुऱ्हे आणि बेलगाव तऱ्हाळे. 'बेलगावला माणूस पाण्यात गेला' असा अर्धा निरोप रुग्णवाहिकेला भलत्या दिशेला नेईल. लहरीवर गावाचे नाव पूर्णच घ्यावयाचे, असा नियम पहिला.

त्याहून गमतीची गोष्ट किलोमीटरच्या दगडांची. रेल्वे आपले अंतर मुंबईपासून मोजते. इगतपुरी सुमारे १३७ व्या किलोमीटरवर. मुंबई-आग्रा रस्त्याची मोजणी आग्र्याकडून आलेली. गोंद्याजवळ ४४० चा आकडा येतो. समृद्धीची मोजणी नागपूरहून. भरवीरला ६०० आणि इगतपुरीला ६२५. म्हणजे तिन्ही वाटा जवळजवळ एकमेकींना खेटून जातात आणि एकाच शिवारातल्या अपघाताला तीन खाती तीन आकडे सांगतात, तिन्ही बरोबर! यावर उपाय म्हणजे एकच मोठा नकाशा, ज्यावर तिन्ही मोजण्या शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येक पूल, फाटा, मोरी, कारखान्याचे दार यांची लोकांच्या तोंडची नावे आहेत. तो पोलीस ठाण्यात, बंबाच्या ठाण्यात, टोल नाक्यावर, स्टेशनात आणि धरणाच्या चौकीत एकसारखा टांगलेला असावा. यंत्रांच्या खरेदीला मंजुरी मिळेपर्यंत हा नकाशा तयार होऊ शकतो, आणि त्याला कोणाचा परवाना लागत नाही.

परवाना यंत्रांना लागतो. देशातल्या सर्व लहरींचे वाटप केंद्र सरकार करते. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या जागी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार कायदा केला आहे. कोणा उत्साही मंडळाने बाजारातून यंत्रे आणून वाटेल त्या लहरीवर बोलू नये, हे येथे बजावून सांगतो. मग अर्ज कोणी करावा, यंत्रणेचा मालक कोण? येथेच बहुतेक योजना रुतून बसतात. पोलिसांना आपली लहर इतरांच्या हाती देणे आवडत नाही, आणि तपासाची गुप्तता पाहता ते समजण्यासारखे आहे. नगरपालिका म्हणते पैसे नाहीत. रेल्वे केंद्राची, टोल कंपनीचा, धरण पाटबंधारे खात्याचे. माझ्या मते मालक एकच शोभतो, तो म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. २००५ च्या कायद्याने ते स्थापन झाले, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. संदेशवहनाची साधने सुस्थितीत ठेवणे आणि वेळोवेळी सराव घेणे हे त्याच कायद्याने प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. नवे काही मागावयाचे नाही; लिहिलेले आहे तेच मागावयाचे आहे.

पैशाच्या बाबतीत एकच सांगतो. उद्घाटनाला पैसे मिळतात, बॅटरी बदलायला मिळत नाहीत. फीत कापताना छायाचित्र निघते. चौथ्या वर्षी फुगलेली बॅटरी उतरवणाऱ्याचे निघत नाही. म्हणून खरेदीच्या ठरावातच दरसालच्या देखभालीची रक्कम आणि ती कोणत्या खात्याने किती द्यावयाची हे लिहून घेतल्याशिवाय टेकडीवर एक खांबही रोवू नये.

सरावाविषयी थोडे सविस्तर. दर सोमवारी सकाळी ठरलेल्या वेळी नियंत्रण कक्षाने सामायिक लहरीवर हजेरी घ्यावी. घोटी ठाणे, वाडीवऱ्हे ठाणे, इगतपुरी बंब, ग्रामीण रुग्णालय, टोल नाका, दारणा धरण. प्रत्येकाने आपले नाव, आवाज कसा येतो आणि बॅटरी किती आहे एवढेच सांगावे. पाच मिनिटांचे काम. ज्याचे उत्तर आले नाही त्याच्याकडे त्याच दिवशी माणूस जावा. दारणेचे दरवाजे उघडताना खालच्या गावांना जाणारा इशाराही याच लहरीवरून आधी जावा, मग फोनने. म्हणजे पोलीस पाटलाचा फोन लागला नाही तरी गस्तीवरच्या गाडीने तो ऐकलेला असेल. आणि वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा भर पावसात, न सांगता खोटा अपघात उभा करून पाहावा. न सांगता, हे महत्त्वाचे. सांगून घेतलेल्या सरावात सर्वांच्या बॅटऱ्या भरलेल्या असतात.

शेवटी एक मुद्दा, जो बैठकांत हटकून राहून जातो. आपली सीमा. घाट उतरला की कसारा ठाणे जिल्ह्यात, कळसूबाईच्या पायथ्याचे बारी हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, वैतरणेच्या पलीकडे मोखाडा पालघर जिल्ह्यात. घाटातला मोठा अपघात बहुधा हद्दीच्या दगडाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, आणि कसाऱ्याहून वर येणारे बंब, पोलीस आणि मदतीला धावणारी तरुण मंडळी यांची यंत्रे ठाण्याच्या लहरीवर असतात. तेव्हा नाशिक जिल्ह्याने आपल्या सामायिक लहरीचा अर्ज करण्यापूर्वी या तिन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांशी पत्रव्यवहार करून, निदान थेट बोलण्याची एक लहर चौघांनी मिळून एकच मागावी. ठाण्याशी तो पत्रव्यवहार आधी करावा; वाहतूक त्या बाजूला सर्वांत जास्त आहे.